गुर्रम सरांचं सेम टू सेम

गुर्रम सरांसमोर कुणी 'सेम टू सेम' म्हटलं की त्याचा पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजावं. एकदा मी त्यांच्याबरोबर चपला घ्यायला गेलो होतो. एक पाय घालून झाल्यावर दुकानदार सहज बोलून गेला, "दुसरा कशाला घालून बगता सर, सेम टू सेम हाय." झालं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्ही चपला हातात घेऊन एकीवर एक धरल्या.

"सेम हायत? मग दोन्ही ह्याच पायात जायला पायजेत की."

"तसं नव्हं सर. डावा-उजवा सोडला तर—"

"सोडला कशाला? असं एकेक सोडत गेलं तर मी आनि तुमचं हे स्टूल बी सेमच की. कुणी तपासलं?"

गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. दुकानदाराने शेवटी चपला खोक्यात घातल्या, खोकं फळीवर ठेवलं आणि हात जोडले. आम्ही जुन्याच चपला घालून परत आलो. वाटेत सर खुशीत होते.

'कुणी तपासलं?' हे त्यांचं पालुपद. कुणी म्हणालं, आज कालच्यासारखंच ऊन आहे, तर कुणी तपासलं. कुणी म्हणालं, तुमचा आवाज अगदी माझ्या मामासारखा, तर कुणी तपासलं. सर इथल्याच एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. वडील हातमागावर विणायचे, आजोबाही हातमागावर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. अंगाने काडी, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी काळ्या दोऱ्याचं रीळ.

आता मी कोण, तेही सांगतो. मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर टॉवेल उजेडासमोर धरायचा, सुटलेला धागा शोधायचा, तेलाचा डाग शोधायचा, आणि सापडला की मनातून खूश व्हायचं. संशय हा माझा स्वभाव नाही, नोकरी आहे, असं मी घरी सांगतो. आमची सुमन म्हणते, स्वभाव आधी होता, नोकरी नंतर लागली. दोन दिवाळ्यांमागे आम्ही भवानी पेठेत राहायला आलो. सरांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. भिंत एक आणि मी असा, म्हटल्यावर पुढचं जे झालं ते होणारच होतं.

सुरुवात कणकेपासून झाली. एका दुपारी सुमनने मला मागच्या दारी ओढत नेलं. "अहो, बगा की हे. शेजारी कायतरी करायलेत."

मागच्या कुंपणाच्या भिंतीवर कणकेचे दोन गोळे ठेवले होते. मधोमध कापलेले. आत काळा दोरा, त्याला गाठी मारलेल्या, आणि दोऱ्याच्या कडेकडेने एका गोळ्यात हळदीने पिवळी केलेली कणीक भरलेली, दुसऱ्यात कुंकवाने लाल केलेली.

"करणी," सुमन म्हणाली.

मी तसा या गोष्टी मानत नाही. पण मानत नाही म्हणून दोन पावलं मागे सरू नये असं थोडंच आहे? तेवढ्यात एक कावळा आला, पिवळा गोळा उचलला आणि गेला. आता कावळ्याचं काय होतंय यावर सगळं अवलंबून होतं. दुसऱ्या दिवशी कावळा ठणठणीत परत आला. तिसऱ्या दिवशीही आला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. रोज येणारा कावळा तोच कशावरून, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही.

गोळे मात्र येत राहिले. कधी दोन, कधी चार. सर खिडकीशी बसून दोऱ्याला गाठ मारायचे, दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाकायचे आणि त्या गाठीकडे असे बघत बसायचे, जणू ती आता तोंड उघडून कबुलीजबाब देणार आहे. ओठ पुटपुटत असायचे. सुमनने आमच्या दारावर लिंबू-मिरची बांधली. सरांनी ते पाहिलं, जवळ येऊन मिरच्या मोजल्या आणि म्हणाले, "गाठ सैल हाय. सुटल ही." सुमन दिवसभर जेवली नाही.

पण खरा संशय मला भिंतीने दिला. रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला, मी कारखान्याला निघायच्या आधी, पलीकडून बाईचा आवाज यायचा. सरांच्या बायकोचा. पद्माक्का म्हणतात त्यांना. आम्ही आल्यापासून त्यांना कधी धड पाहिलं नव्हतं. दाराला आतून कडी असायची. त्या मोठ्याने म्हणायच्या, "तुमी कोण हाय? आमचे मालक कुटं हायत?"

मग सरांचा आवाज सुरू व्हायचा, तेलुगूत. हळू, एका सुरात, पोथी वाचावी तसा. तासभर. मला कारखान्यात राहून तेलुगू कळतं, पण भिंतीतून शब्द यायचे नाहीत, नुसता सूर यायचा. मधेच अक्का ओरडायच्या, "तुमी न्हवं ते!" आणि हे मराठीत. माझं डोकं तिथेच चाललं. जन्मभर तेलुगूत संसार केलेली बाई नवऱ्याशी मराठीत कशाला बोलेल? अशी बाई परक्याशी मराठीत बोलेल, घरच्याशी नाही.

मी सुमनला म्हटलं, "हा माणूस गुर्रम सर नाहीच."

"मग कोण?"

"ते शोधायचंय. खरे सर कुठे आहेत, तेही."

सुमनने हातातली परात खाली ठेवली. करणीपेक्षा हे प्रकरण मोठं आहे हे तिलाही पटलं.

आमच्या खात्यात डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, नमुन्यावर ठेवतात. मंजूर झालेला नमुना शेजारी ठेवायचा आणि माल त्याच्याशी ताडून बघायचा. नमुना मला लवकरच मिळाला. त्यांच्या घरून आलेली वाटी परत द्यायच्या निमित्ताने मी दारातून आत डोकावलो. समोरच्या भिंतीवर लग्नाचा मोठा फोटो होता. सर तेव्हाही काडीच होते. गालावर ठळक तीळ. डाव्या गालावर. मी दारातल्या दारात हात वर-खाली करून डावा कोणता ते पक्कं केलं. सर विचारत होते, "खांदा दुखतोय काय?"

आता माल हवा होता. पंधरा ऑगस्टला कोपऱ्यावर झेंडावंदन झालं, तेव्हा मी सरांच्या खांद्याला खांदा लावून मोबाईलवर दोघांचा फोटो काढला. घरी येऊन सुमनसमोर मोठा करून बघितला. तीळ उजव्या गालावर!

सुमन मटकन खाली बसली. मीही बसलो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या टॉवेलात दोष काढले, पण असा माल आयुष्यात पहिल्यांदाच पुढ्यात आला होता.

पोलिसांत जायचं की आधी विचारायचं यावर आमचा दोन दिवस वाद झाला. शेवटी संध्याकाळी सर कट्ट्यावर एकटे बसलेले पाहून मी गेलो आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "सर, खरं सांगा. तुमी कोण हाय?"

सरांनी दोऱ्यावरून नजर उचलली. "का हो? काय झालं?"

"लग्नाच्या फोटोत तीळ डावीकडं. हितं उजवीकडं." मी मोबाईल पुढे केला.

सरांनी मोबाईल घेतला, चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं आता पळतील. पण त्यांचा चेहरा उजळला; इतका उजळलेला मी तो कधी पाहिला नव्हता. "तुमी तपासलं?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत ह्या पेठेत पहिला माणूस भेटला! बसा, बसा की." मग मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "आता तुमचा खिसा बगा."

मी बघितलं. फोटोत माझ्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता.

"उजवीकडं खिसा कवापासनं शिवून घ्यायलाव? म्हणजे तुमी बी खोटे. ह्यो पुढचा कॅमेरा आरशासारखा धरतो. आरशातला माणूस येगळा, आपण येगळे. आमच्या कामात आरसा धरायचा न्हाई, हीच तर पयली अट हाय."

मी इतका शरमलो की कट्ट्यावर बसून घेतलं. सरांना मात्र चेव चढला होता. त्यांनी खिशातलं रीळ काढलं, दोरा तोडला, गाठ मारली, टोकं जोडली.

"ही गाठ. टोकं जोडली म्हणून सुटायची न्हाई. आता समजा, हिच्या भोवती सगळं जग हाय, कणकेसारखं भरलेलं. ह्या दोऱ्याच्या वाटेनं जाडसर नळी कापून काढायची. जगात गाठीच्या आकाराचा बोगदा राहिला, व्हय का न्हाई? आता ती नळी परत बसवायची, पण पयल्यासारखी न्हाई. पीळ देऊन. पीळ बदलला की जग बदलतं. पुस्तकात ह्याला शस्त्रक्रिया म्हणतेत."

"हळद-कुंकू?"

"एक पीळ पिवळा, एक लाल. न्हाईतर मलाच कळत न्हाई कुटला कुटला. खरं तर कणकेत हे होतच न्हाई, हाताला नाद म्हणून करतो. काम सगळं कागदावर. कणीक वाया कशाला घालवायची, म्हणून पाखरांना." ते पुढे झुकले. "आता प्रश्न. गाठ एकच. पीळ दोन, येगळेयेगळे. दोन्हीतनं जग मात्र सेम मिळालं, असं होऊ शकतं का? गाठच नसली, नुसता गोल दोरा असला, तर होतं. आरसा चालत असला तर काही गाठींना होतं. पण खरी गाठ, बिनआरशाचं? लोक म्हणतेत होणार न्हाई. सगळ्या गाठींसाठी अजून कुणी सिद्ध केलं न्हाई. मी पंचवीस वर्षं त्याच्यामागं हाय."

"पण दोन जगं सेम आहेत की नाहीत हे बघायचं कसं?" मी विचारलं. हा प्रश्न मी अगदी आपुलकीने विचारला. आमच्याच धंद्यातला होता तो.

"फरक दाखवणं सोपं. एक खूण जुळली न्हाई की संपलं, येगळी हायत. पण सेम हायत हे दाखवणं लई अवघड. हजार खुणा जुळल्या तरी चालत न्हाई. हजार एकावी जुळली न्हाई तर? त्याला एकच उपाय. ह्याच्यापासनं निघायचं आनि त्याच्यापर्यंत जायचं, मधी कुटं न तोडता, न चिकटवता. चालत जाऊन दाखवायचं."

मी मान हलवली. मग न राहवून, खालच्या आवाजात विचारलं, "सर, सकाळी अक्का... मराठीत..."

सरांचा दोरा हातातच राहिला. कुठल्या तरी घरात माग चालू होता, त्याची खडखड येत होती.

"तिला मी ओळखू येत न्हाई," ते म्हणाले. "म्हणजे चेहरा ओळखते. म्हणते, दिसताव अगदी त्यांच्यासारखे, पण ते न्हवं. दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. पयल्यांदा मी खुणा दाखवल्या. तीळ दाखवला, पायावरचा व्रण दाखवला. ती म्हणली, खुणा काय, कुणी बी करून घेईल." सर हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तिचं बरोबर हाय की! जन्मभर मी पोरांना हेच शिकवलं. घरात माझ्यावरच उलटलं."

"मग?"

"मग चालत जातो. रोज सकाळी. लग्नाच्या दिवसापासनं निघायचं, तेलुगूत, एकेक वरीस करत आजच्या सकाळपर्यंत यायचं. मधी एक वरीस सुटलं तर धरते. म्हणते, हितं कुटं गेलता? पुरं झालं, पटलं, की तेलुगूत म्हणते, चहा ठेवा. मग खाते. नवऱ्याच्या हातनंच खाते, परक्याच्या हातचं घेत न्हाई. पटलं न्हाई तर उपाशी. दुसऱ्या दिवशी परत लग्नापासनं."

मी घरी आलो आणि सुमनला सगळं सांगितलं. तिने उठून दारातलं लिंबू-मिरची सोडून आणलं आणि कचऱ्यात टाकलं. मला माझाच इतका राग आला होता की त्या दिवशी जेवण गेलं नाही. भिंतीला कान लावून मी काय काय ऐकलं होतं, आणि काय ऐकलं नव्हतं!

त्यानंतर सकाळचा तो सूर ऐकू आला की आम्ही दोघं कामं हळू करायचो. चहा ठेवल्याचा आवाज आला की मी डबा उचलून निघायचो. पण दिवाळी उलटली तसा सूर लांबत गेला. नऊ, साडेनऊ. सर वाळत चालले होते. 'सेम टू सेम'वरची त्यांची भांडणंही बंद झाली होती, आणि चपलांचा दुकानदार मला विचारायचा, सर बरे हायत ना?

मागच्या रविवारी दहा वाजून गेले तरी सूर थांबेना. मग एकदम थांबला आणि सर आमच्या दारात आले. आवाज पार बसलेला.

"जरा येताव का दोघं? कालपासनं तिच्या पोटात काही न्हाई. आज दोनदा सांगून झालं. निम्म्यावर आलो की तिचं धागं सुटायलेत, मागचं इसरते, परत पयल्यापासनं विचारते. तिसऱ्या माणसाचं तरी ऐकल."

आम्ही गेलो. पद्माक्का दिवाणावर बसल्या होत्या. स्वच्छ धुतलेलं पातळ, केस विंचरलेले, भांग जरासा वाकडा. पुरुषाने काढलेला दिसत होता. समोर ताटात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. कशालाच हात लागला नव्हता.

"या, बसा," त्या आम्हाला मराठीत म्हणाल्या. "आमचे मालक घरी न्हाईत."

मालक त्यांच्या शेजारीच उभे होते.

"अक्का, हे काय सर," मी म्हटलं. "हेच ते. मी ओळखतो की यांना."

"कवापासनं?"

"दोन... तीन दिवाळ्या झाल्या."

"मी अठरा वर्षांची होते तवापासनं ओळखते," अक्का शांतपणे म्हणाल्या. सुमनने मला कोपर मारलं.

अक्कांनी सरांकडे बराच वेळ बघितलं. मग सुमनला जवळ बोलावून, सरांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात सांगितलं, "ह्यो माणूस रोज येतो. वाईट न्हाई. मी हे केलं, मी ते केलं, सांगत बसतो. आमच्या मालकांचंच सगळं पाठ केलंय. कुणी नसंल गं त्याला. आपलं कुणी असतं तर दुसऱ्याचा संसार कशाला सांगत बसला असता?"

सुमनने तोंड फिरवलं. सर तसेच उभे होते, हात लोंबते, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे.

अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि सरांपुढे धरला. "घ्या. तुमी बी काही खाल्लेलं दिसत न्हाई. आमचे मालक येईस्तवर बसा हितंच. काही म्हणायचे न्हाईत ते. लई चांगले हायत."

सरांचे ओठ हलले. मला वाटलं, आता परत तेलुगूत लग्नाच्या दिवसापासून सुरुवात करणार. पण ते दिवाणाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, तो तुकडा दोन्ही हातांत घेतला आणि मराठीत म्हणाले, "तुमी बी घ्या की. पाहुण्याला एकट्याला जेवायला लावताव व्हय?"

अक्का ओशाळल्या. पाहुण्याला सोबत न देता बसणं हे त्यांच्या घरात कधी झालं नसणार. त्यांनी दुसरा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मग आणखी एक.

सर बघत होते. अक्कांचा तिसरा घास गिळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "चांगले म्हणजे कसे हायत हो, तुमचे मालक?"

"लाजरे," अक्का म्हणाल्या आणि हसल्या. "नवीन लगीन झालं तवा कॉलेजातनं यायचे आनि दारातच थांबायचे. घरात सासू-सासरे, मला हाक कशी मारणार? मी आत हाय का न्हाई, कान देऊन ऐकत उभे राहायचे. मग मी मुद्दाम भांडं पाडायची."

"मुद्दाम?" सर म्हणाले.

"मुद्दाम की. त्यांना कुटं ठावं? त्यांना अजून वाटतं, बायको धांदरट हाय." अक्कांनी ताट सरांकडे थोडं सरकवलं. "आले की त्यांना सांगू नका हं."

सरांनी हातातला घास तसाच धरून ठेवला होता. "न्हाई सांगत," ते म्हणाले.